कोरड्या दिवसाचं पाणी

१

पाण्याच्या दिवशी आईला देवाच्या आधी नळ आठवतो, असं मिनल म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चिंचवडच्या त्या जुन्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड यायचं, सकाळी साडेसहाला. सहा वीसला शैलाबाई पदर खोचून ओट्यापाशी उभ्या असायच्या. पहिली बादली झाडांना, कारण पाइपात बसून राहिलेलं पाणी तोंडात घालायचं नसतं. दुसरी धुण्याला. मग काचेची छोटी नळी धारेखाली धरायची, खुणेपर्यंत भरायची, तिच्यात तपासणीचे पाच थेंब सोडायचे आणि खिडकीतल्या उजेडात बघायचं. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. म्हणजे वाटेत काही वाईट शिरलंच, तर त्याला मारायला कुणीतरी जागं आहे. मग नळीतलं पाणी मोरीत ओतून, नळी विसळून, वहीत तारीख आणि रंग लिहायचा, आणि त्यानंतर चहा.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांना घरून बाटलीत पाणी आणायला लावायच्या आणि वर्गात प्रत्येकाच्या घरचं पाणी तपासायच्या. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण नळी काही सुटली नाही. शेजारणी हसायच्या, आणि पोटात कळ आली की पहिल्यांदा त्यांचंच दार वाजवायच्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पाणी पिवळं झालंच नाही.

थेंब जुने झाले असतील म्हणून शैलाबाईंनी नवी बाटली फोडली. तरी नाही. मग त्या नळी घेऊन फाटकापाशी गेल्या, जिथे महापालिकेची लाइन सोसायटीत शिरते. तिथल्या नळाचं पाणी थेंब पडताच पिकल्या लिंबासारखं पिवळं झालं. त्यांचं घर तळमजल्यावर, आणि स्वयंपाकघरातला नळ टाकीवरचा नव्हे, थेट त्या लाइनवरचा. फाटकापासून ओट्यापर्यंत चाळीस फूट पाइप. एवढ्याशा वाटेत सगळं क्लोरीन कुणी खाल्लं?

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी वहीत लिहिली नव्हती. महिनाभर झाला, पाणी नसलेल्या दिवशी, दुपारी, त्या पाइपात आवाज यायचा. खण्ण. थोडा वेळ जायचा, मग पुन्हा खण्ण. उन्हानं धातू प्रसरण पावतो, हे त्यांनी एकतीस तुकड्यांना शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

२

लक्ष द्यायला हवं होतं, कारण त्याच आठवड्यात नात आजारी पडली. ओवी, मिनलची पोरगी, सहा वर्षांची; मायलेकी याच घरात राहायच्या. ताप उतरेना, तपासणीत टायफॉइड निघाला, पाच दिवस सलाईन. मिनल चाकणच्या कंपनीत क्वालिटी बघायची. रोज हजारो सुट्या भागांतला केसाएवढा दोष पकडणारी बाई, ती पोरीच्या उशाशी सुन्न बसून होती. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "पाणी तपासा. पोरीच्या अंगात आत्ता काही उरलेलं नाहीये. लगेच पुन्हा झालं तर झेपणार नाही तिला."

"आपल्याकडे फिल्टर आहे ना, आई?" मिनलनं विचारलं.

"फिल्टर प्यायच्या पाण्याला. ती चूळ कुठल्या नळाला भरते? काकडी कुठे धुते?"

डिस्चार्ज मिळाल्यावर तिनं ओवीला घरी आणलंच नाही. दिघीला नणंदेकडे ठेवलं आणि आईला सरळ सांगितलं, "तुझी नळी पिवळी होत नाही तोवर ओवी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि नाहीच झाली, तर आम्ही चाकणला घर बघतो."

रागानं नव्हतं ते. घाबरलेल्या आईचं बोलणं होतं, आणि शैलाबाईंना ते शब्दन् शब्द पटलं. म्हणून तर जास्त लागलं. ज्या बाईनं अख्ख्या गल्लीचं पाणी तपासलं, तिच्याच ओट्यावरून नात आजारी पडली होती. नात घरी यायची तर त्या चाळीस फुटांचं कोडं सोडवायलाच हवं होतं.

३

अशा वेळी त्या गल्लीत एकच नाव घेतलं जायचं. ज्योतीराम चावीवाला.

तीस वर्षं या माणसानं चिंचवडच्या अर्ध्या भागाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. हातात ती उंच, टी आकाराची चावी, खांद्यावर चार फुटी लोखंडी सळई. कुठे पाणी मुरतंय अशी तक्रार आली की साहेब नकाशे उलगडायचे, तोवर ज्योतीराम सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचे, दुसऱ्याला कान लावायचे, चार पावलं सरकायचे आणि म्हणायचे, "हितं." तिथं खणलं की गळती सापडायची. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. यंत्रं आली, ती चुकली. ज्योतीराम चुकले नाहीत. या माणसाला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, पण गल्लीतली लहान मुलं त्यांची नक्कल करताना खांबाला कान लावायची, आणि मला विचाराल तर सत्कार यालाच म्हणतात.

त्यांची एक लकब मात्र चेष्टेचा विषय होती. चावी फिरवण्याआधी ते व्हॉल्वच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचे. रोज. लोक म्हणायचे, ज्योतीराम पाण्यालाच पाणी पाजतात. ते हसायचे आणि ओतायचे. गेल्या दिवाळीत ते निवृत्त झाले. नवा माणूस तरणा, कामाला चोख. तो येतो, चावी फिरवतो, जातो.

ज्योतीरामांची दोन्ही पोरं शैलाबाईंच्या हाताखाली शिकलेली. निरोप गेला तसे गुरुवारी, पाण्याच्या दिवशी, सात वाजता म्हातारा सळई घेऊन हजर. बरोबर भीमराज प्लंबर. धार चालू असताना ज्योतीरामांनी चाळीसच्या चाळीस फूट ऐकले. मान हलवली.

"गळती न्हाई, बाई. पाइप धड हाय."

"मग घाण शिरते कुठून?"

"तेच म्हंतोय. कुटूनच न्हाई."

भीमराजचा असल्या ऐकण्याबिकण्यावर भरवसा नव्हता. पाणी गेल्यावर त्यानं मधला वीतभर तुकडा कापून काढला, आत बोट घातलं आणि थबकला.

"मॅडम, हा पाइप कधीचा?"

"सोसायटी झाली तेव्हाचा. बावीस वर्षं."

"बावीस वर्षांच्या पाइपात गंजाचा थर पाहिजे. अर्धा बुजलेला पाहिजे." त्यानं तुकडा उजेडात धरला. आतून तो चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा लखलखत होता. भीमराजनं बोट पँटला पुसलं, जरा जास्तच वेळ. "हे तर कुणी चाटून ठेवल्यागत आहे, भाऊ."

ज्योतीरामांनी तो तुकडा हातात घेतला नाही. भीमराज नवा तुकडा बसवून जायला निघाला, तेव्हा ते हळूच शैलाबाईंना म्हणाले, "उद्या दुपारच्याला येतो. कोरड्या दिवशी ऐकाय पायजे."

"कोरड्या दिवशी पाइपात असतं काय ऐकायला?"

"व्हय," ज्योतीराम म्हणाले, "तेच बगाय पायजे."

४

शुक्रवारी दुपारी अडीचला स्वयंपाकघर लख्ख होतं. भांडी पालथी, ओटा कोरडा, खिडकीत कढीपत्ता वाळत पडलेला. भुताखेताला शोभेल असं त्या खोलीत काहीही नव्हतं, हे शैलाबाईंनी मनातल्या मनात नोंदवूनसुद्धा ठेवलं.

ज्योतीरामांनी वर्तमानपत्राचा एक कपटा ओला केला, नळ पूर्ण उघडला आणि कपटा नळाच्या तोंडाशी नेला. तो चटकन जाऊन चिकटला.

"ओढतंय," ते म्हणाले.

"ओढणारच. लाइन बंद झाली की पाइप रिकामा होतो, आत पोकळी होते. त्यातूनच गटाराचं पाणी आत खेचलं जातं. मी मुलांना शिकवलंय हे."

"किती येळ ओढल, बाई?"

शैलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाणी जाऊन तीस तास होऊन गेले होते. ओढ फार तर काही मिनिटं टिकते.

इतक्यात कपटा सुटला. ओट्यावर पडेल म्हणून शैलाबाईंनी हात पुढे केला, पण तो एका कडेनं नळाला लोंबकळत राहिला, आणि पुन्हा चिकटला. सुटला. चिकटला. मध्ये सारखं अंतर. कुणीतरी शेजारी मोटर लावून लाइन ओढत असेल, त्यांच्या मनात आलं. त्या तशाच उठून गेल्या, सगळ्या तळमजल्याची दारं वाजवली. एकाचीही मोटर चालू नव्हती. परत आल्या तेव्हा ज्योतीराम सळई पाइपला टेकवून, डोळे मिटून बसले होते. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, जप करताना फिरतो तसा. ते काहीतरी मोजत होते. बऱ्याच वेळानं ते मोजायचे थांबले, पण आवाज संपला म्हणून नव्हे. पेरं मोजून पुरली नसावीत.

त्यांनी सळई खाली ठेवली. तीस वर्षं उन्हापावसात काढलेल्या त्या माणसाचा चेहरा शैलाबाईंनी असा कधी पाहिला नव्हता. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. दारात पाहुणे आणि घरात पीठ नाही, अशा बाईचा चेहरा असतो, तसं काहीतरी होतं.

"दादा, काय ऐकलंत?"

"बाई, तुमचं पाणी घाण न्हाई," ज्योतीराम म्हणाले. "तुमचं पाणी उष्टं हाय."

शैलाबाईंना हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"येगळं भांडं ठिवा," ते उठता उठता म्हणाले. "त्यातनं कुनी घरचं पिऊ नका. कोरड्या दिवशी भरून द्या. आदी देलं, की मग त्ये तुमच्या वाटचं पीत न्हाईत." दारापर्यंत गेले आणि थांबले. "माजं चुकलंच. नव्या गड्याला सांगाय पायजे हुतं. लाज वाटली, बाई. हसल म्हनून."

सळई ते तिथेच विसरून गेले. किंवा ठेवून गेले.

५

संध्याकाळी ओवीचा फोन आला. आवाजात पुन्हा जीव आला होता. वरणभात खाल्ला, आत्याचं मांजर पाहिलं, हे सगळं सांगून झालं आणि मग ती म्हणाली, "आजी, तू नळाला पाणी देतेस ना?"

शैलाबाई सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "नळाला?"

"पाणी नसतं ना, तेव्हा त्याला तहान लागते. मी ग्लास असा वर धरायचे. नळ आत बुडला की तो पितो. गट् गट्."

"तुला कुणी सांगितलं असं करायला?"

"तूच!" ओवीला आजीच्या विसरभोळेपणाची गंमत वाटली. "दारात कुणीपण आलं की आधी पाणी विचारायचं. कुरिअरवाले काका आले की मीच नेते ना पाणी?"

तेच तर होतं. या घरात कुणी तहानलेलं परत जात नाही, हे शैलाबाईंनी नातीला बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं आणि चारचौघांत कौतुकानं सांगितलंही होतं.

"आणि मग, बाळा? ग्लास रिकामा झाला की?"

"सगळा नाही होत. तो शहाणा आहे. अर्धा पितो आणि अर्धा मला ठेवतो." ओवी म्हणाली. "मग मी पिते."

शैलाबाईंनी फोन ठेवला. लहान पोर, मनचं काहीबाही सांगणार. ग्लासातलं पाणी पोकळीनं ओढलं गेलं असेल. उरलेल्यात पाइपातलं काही उतरलं असेल, ते पोटात गेलं, ताप आला. सगळं सरळ होतं, फळ्यावर आकृती काढून दाखवता आलं असतं. फक्त त्या आकृतीत 'अर्धं ठेवतो' हे कुठे लिहायचं, ते त्यांना कळेना.

६

शनिवारी पाणी आलं. नळी तपासली, रंग नाहीच.

रविवार कोरडा. दुपारी शैलाबाईंनी कपाटातून एक जुना स्टीलचा ग्लास काढला आणि बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे चुकून घरातल्या भांड्यांत मिसळायला नको. पिंपातलं पाणी भरलं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई आपण, आणि हे काय करतोय, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी नळ उघडला आणि ग्लास वर धरला. प्रयोग करायचा तर नीट करायचा, ही त्यांची जुनी खोड.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ग्लास हातात किंचित जड झाला, पलीकडून कुणी धरल्यावर होतो तसा. पाणी एका लयीत खाली गेलं. हपापून नव्हे. सावकाश, मधे श्वास घेत. अर्ध्यावर ते थांबलं.

शैलाबाईंच्या तोंडून जे निघालं ते सवयीनं निघालं. "संपवा. सगळं तुमचंच आहे."

उरलेलं पाणीही गेलं.

त्यांनी ग्लास खाली घेतला. काठ कोरडा होता, फक्त एका जागी ओलसर ठसा उमटला होता, खालच्या ओठाचा उमटतो तसा. आणि तो आतल्या बाजूनं होता.

सोमवारी साडेसहाला पाणी आलं. नळी पिवळी झाली. लिंबासारखी, फाटकावरच्या पाण्यासारखी. शैलाबाईंनी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा पिवळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नळीचा फोटो मिनलला पाठवला. नंतर लाजत लाजत नळाला हात जोडले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

त्यापुढे आठ दिवस त्यांनी नेम चुकवला नाही. कोरड्या दिवशी ग्लास, पाण्याच्या दिवशी नळी, वहीत रंग. पिवळा, पिवळा, पिवळा. सोसायटीत बातमी पसरली की बाईंनी पाणी दुरुस्त केलं. कसं, ते बाईंनी सांगितलं नाही. ज्योतीरामांनी तीस वर्षं का सांगितलं नाही, ते आता त्यांना समजत होतं, आणि त्या म्हाताऱ्याबद्दलचा आदर दुणावला होता. अख्ख्या चिंचवडच्या आधी कुणाला तरी पाणी द्यायचं, आणि हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसायचं. हे सोपं नव्हतं.

७

बुधवारी ओवी घरी आली. हातपाय काड्यांसारखे झाले होते, पण आल्या आल्या तिनं घरभर धावून सगळं जागच्या जागी असल्याची खात्री करून घेतली. मिनल आईच्या गळ्यात पडली. "मी फार बोलले गं तुला," म्हणाली, आणि दुपारच्या शिफ्टला गेली.

बुधवार कोरडा होता. अडीच वाजता शैलाबाईंनी ठिपक्याचा ग्लास काढला. ओवी स्टूल ओढून शेजारी बसली. तिनं ग्लासाला हात लावायचा नाही, आणि उरलेलं कधीच प्यायचं नाही, हे दोन्ही आजीनं शपथेवर कबूल करून घेतलं होतं. ग्लास वर गेला, पाणी सावकाश खाली गेलं, संपलं.

"झालं," शैलाबाई म्हणाल्या आणि ग्लास विसळायला वळल्या.

"आजी, एकच?"

"पुरतो त्याला एक."

"त्याला पुरतो गं," ओवी म्हणाली. "मागच्यांचं काय?"

खण्ण.

शैलाबाईंनी कोपऱ्यात उभी केलेली सळई उचलली. गेले आठ दिवस त्यांनी तिला हात लावला नव्हता. एक टोक पाइपला टेकवलं, दुसऱ्याला कान लावला.

हा आवाज त्या ओळखत होत्या. कसा ओळखला नाही इतके दिवस, याचंच नवल. त्या सात वर्षांच्या असताना, दापोडीच्या गल्लीत, सार्वजनिक नळापाशी ऐकलेला. पुढची बाई भरून उठली की तिच्या मागची आपला रिकामा हंडा पायानं पुढे ढकलायची, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. खण्ण, खण्ण, खण्ण, गल्लीच्या टोकापर्यंत. इथे मात्र गल्लीचं टोकच येत नव्हतं. हंडे सरकत होते, त्यांच्यामागे आणखी हंडे, फाटकाच्या पलीकडे, रस्त्याखाली, कान पोचेल तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. कुणी घुसत नव्हतं. कुणी भांडत नव्हतं. दापोडीच्या नळावर एक दिवस असा गेला नव्हता. सगळे शहाण्यासारखे, गुपचूप उभे होते, आपला नंबर यायची वाट बघत. त्या शहाणपणानंच शैलाबाईंच्या अंगावर काटा आला.

त्यांनी कान काढला. कोपऱ्यातल्या पिंपाकडे पाहिलं. निम्मं होतं. उद्या सकाळपर्यंत पुरवायचं होतं.

आठ दिवस एकाचीच तहान भागली होती, आणि बाकीच्यांनी ते रांगेत उभं राहून पाहिलं होतं. आता त्या सगळ्यांना कळलं होतं की या घरात पाणी मिळतं. जे आज तहानलेले राहतील, ते उद्या साडेसहाला ओवीच्या आधी पितील.

"आजी?" ओवी स्टुलावरून म्हणाली. "तो बघ, वाट बघतोय."

नळाच्या अगदी आत, वीतभर अंतरावर, कुणीतरी रिकामा हंडा अलगद टेकवला.

शैलाबाईंनी पिंपाचं झाकण काढलं, ठिपक्याचा ग्लास काठोकाठ भरला आणि वर धरला. पाणी सावकाश खाली गेलं. मग खण्ण झालं, आणि मागे, लांबवर, सगळे हंडे एकेक जागा पुढे सरकले.